आठ महिने, एक वही: पोर्टल, क्यूआर कोड आणि मांडवीची लायब्ररी

नातू सातवीत. मुलाची फिरतीची नोकरी, सूनबाईंना यायला सात वाजतात. म्हणून जूनपासून अभ्यासाचं खातं माझ्याकडे आलं. रेल्वेत छत्तीस वर्षं नोंदी ठेवल्या, ती खोड जात नाही. घरीही वही घातली: प्रश्न किती वाजता पडला, उत्तर किती वाजता मिळालं, मध्ये किती फोन करावे लागले.

आधी शाळेचं पोर्टल. शाळेचं नाव लिहीत नाही. उघडलं की वार्षिकोत्सवाचे फोटो, मग विश्वस्तांचे फोटो, मग 'प्रवेश सुरू' अशी धावती पट्टी. घटक चाचणीचं वेळापत्रक मिळालं 'इतर'मध्ये, तेही आडव्या काढलेल्या फोटोत. मोबाइल फिरवावा तर फोटोही फिरतो! मान वाकडी करून वाचलं. त्यात ओटीपी जातो मुलाच्या नंबरवर, आणि चिरंजीव सुरतेला मीटिंगमध्ये. त्या दिवशीची नोंद: सुरुवात ४.१०, उत्तर ८.३५, फोन पाच. आठ महिन्यांनी माझं मत असं, की हे बनवताना प्रवेशाला येणारे पालक डोळ्यांसमोर होते. ज्यांचं मूल आधीच आत बसलंय, त्यांना काय लागेल हे कुणी विचारलेलंच नाही.

दीक्षा या सरकारी शिक्षण-अ‍ॅपकडून खरं तर मला फारशी आशा नव्हती. पाठ्यपुस्तकात छापलेला चौकोनी कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य समोर येतं. आमच्या विज्ञानाच्या चोपडीतला कोड चहाच्या कपाखाली गेला होता. पण त्याच्याखाली सहा अक्षरांचा संकेत छापलेला असतो, तो टाइप केला तरी चालतं. लॉगिन न करताही बघता येतं, आणि एकदा उतरवून ठेवलं की नेट गेलं तरी हरकत नाही. ज्यानं हे ठरवलं त्याच्या घरी लहान मूल आणि चहा, दोन्ही असावीत. नोंद: सहा मिनिटं, फोन शून्य.

आणि आमच्या बडोद्यातली, मांडवीची सेंट्रल लायब्ररी. दांडिया बाजारातून आम्ही चालतच जातो. महाराज सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून बडोदा राज्याचं ग्रंथालय खातं उभं केलं. पुस्तकं ठेवायला पोलादी मांडण्या, मजल्यावर मजले, आणि पायाखाली जाड काच, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटापर्यंत झिरपतो. हे ऐकल्यापासून नातवाचा पहिला प्रश्न, "आबा, काच फुटली तर?" त्या काळी खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवत; वाचक येईल म्हणून वाट बघत बसत नसत. १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं, मग शिकलेल्या पोरांना वाचायला काहीतरी द्यायला नको?

वेळेच्या हिशेबात लायब्ररी मार खाते. जाऊन-येऊन दीड तास. पण एकदा आम्ही 'पानं हिरवी का' एवढंच विचारलं, तर काउंटरवरच्या बेननी विचारलं, "कितवीत आहे?" आणि त्याला झेपेल असंच पुस्तक काढून दिलं. शोधायच्या चौकटीत काय लिहायचं हेच ज्याला माहीत नाही, त्याला हा उलटा प्रश्न लागतो. वहीत ह्यासाठी रकाना नव्हता, नवीन आखला.

गेल्या सोमवारी पोर्टलवर 'आपला अभिप्राय कळवा' आलं. अर्धा तास बसून लिहिलं. 'पाठवा' दाबल्यावर ओटीपी गेला मुलाकडे. तो राजकोटला होता.