आंबोलीच्या पावसात ऑक्टाव्हिया आरएस : पायलट स्पोर्ट ४ टायरचा अनुभव

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २३० भारतात २०१७ साली आली. दोन लिटरचं टर्बो (जास्त हवा दाबून भरणारं) पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, आणि हे सगळं फक्त पुढच्या दोन चाकांवर. माझी गाडी सेकंडहँड, पुण्याहून आणलेली. पंपावर, ढाब्यावर, सिग्नलला माणसं इंजिनाचं विचारतात, रीमॅप, म्हणजे लॅपटॉपने इंजिनाची सेटिंग बदलून ताकद वाढवणं, केलाय का विचारतात. टायर कुठला हे कुणीच विचारत नाही. या गाडीच्या बाबतीत मला तोच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो.

काजू कारखान्यांना यंत्रं पुरवायची आणि सांभाळायची हे माझं काम. म्हणून कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी हा माझा नेहमीचा रस्ता. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. घाटात डोंगराकडच्या कडेला शेवाळ असतं, धबधब्याचं पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं, खाली उतरलं की लाल मातीचा पातळ थर. हिवाळ्यात आणखी एक प्रकार: उसाच्या ट्रॉल्या. कारखाने सुरू झाले की चिपाडं आणि चिरडलेला ऊस रस्त्यावर पडतो, पहाटेचं दव बसलं की त्यावर चाक सरकतं. टायर निवडताना माझ्यासमोर हा रस्ता होता.

टर्बो गाडीला टायर जास्त का लागतो हे आधी सांगते. साध्या इंजिनात जोर आरपीएमबरोबर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांबरोबर, हळूहळू चढतो, पायाला अंदाज येतो. आरएसचा पूर्ण टॉर्क १५०० आरपीएमच्या आसपासच हजर होतो आणि साडेचार हजारांपर्यंत टिकतो. घाट चढताना हेअरपिनसारखं उलटं फिरणारं वळण आलं, दुसरा गिअर आहे, स्टिअरिंग अजून वळलेलंच आहे आणि तुम्ही पाय दाबलात, की टर्बो भरतो आणि आतल्या बाजूचं पुढचं चाक सुटतं. वळणात वजन बाहेरच्या चाकावर गेलेलं असतं, चढामुळे पुढचा भाग हलका झालेला असतो, आणि नेमकं त्याच हलक्या चाकाला इंजिन ओढत असतं. डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक जागच्या जागी फिरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा फडफडतो, गाडी सरळ जाऊ पाहते, मग इलेक्ट्रॉनिक्स ताकद कापतं आणि चढावर गाडी मेल्यासारखी होते. पुढच्या टायरची पकड म्हणजे एकाच पाकिटातले पैसे: वळायलाही त्यातूनच द्यायचे, ओढायलाही आणि ब्रेकलाही. पाकीटच लहान असेल तर इंजिनाची ताकद नुसती दिव्यात दिसते.

गाडी आणली तेव्हा तिच्यावर जास्त किलोमीटर चालणारे, कडक रबराचे टायर होते. नाव लिहीत नाही. कोरड्या महामार्गावर त्यांची काही तक्रार नव्हती. पावसात मात्र गाडी सतत हात राखून चालवावी लागायची, आणि पकड सुटायची ती पूर्वसूचना न देता. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे शेवटचं. पकड कमी असली तर माणूस हळू चालवतो, पण कधी सुटेल हे कळत नसेल तर हळू चालवूनही धाकधूक जात नाही.

नवे घ्यायला गेले तेव्हा दुकानदारांनी पहिला टायर पुढे केला तो आयुष्यावरूनच. "ताई, ह्यो घ्या, साठ हजार किलोमीटर कुठं जात नाही बघा." त्यांचंही बरोबर आहे, बहुतेक गिऱ्हाईक हेच विचारतं. मला साठ हजार नको होते, ओल्या रस्त्यावरची पकड हवी होती. तेही माणूस चांगले निघाले. हट्ट केला नाही, मागून दुसरा टायर काढून आणला.

घेतले ते मिशेलिन पायलट स्पोर्ट ४, माप २२५/४५ आर १७: रुंदी २२५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंच. हा टायर २०१६ साली बाजारात आला. बाजूच्या भिंतीवर ट्रेडवेअर ३२०, ट्रॅक्शन एए, टेम्परेचर (उष्णता सोसायची क्षमता) ए असं छापलेलं आहे, आणि युरोपीय लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीला वरची ए श्रेणी. या आकड्यांवर थोडं थांबते, कारण दुकानात ते मंत्रासारखे फेकले जातात. ट्रेडवेअर म्हणजे टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यावर एका प्रमाण टायरच्या तुलनेत रबर किती झिजतं त्याचा अंक, आणि तो कंपनी स्वतःच ठरवून छापते. त्यामुळे एका कंपनीचा ३२० आणि दुसऱ्या कंपनीचा ३२० यांची सरळ तुलना करू नका. ट्रॅक्शनची एए श्रेणी चाक लॉक करून सरळ रेषेत, ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर मोजलेली असते. वळणातल्या पकडीचं ती काहीच सांगत नाही. म्हणून मी युरोपीय लेबलच्या श्रेणीला जास्त वजन दिलं, आणि त्याहून जास्त वजन दिलं ते हाच टायर लावून घाटात फिरणाऱ्या लोकांच्या बोलण्याला.

काही मंडळी याहून पुढे जाऊन २०० ट्रेडवेअरचे, जवळजवळ ट्रॅकसाठीचे टायर लावा म्हणतात. कोरड्या ट्रॅकवर त्यांना तोड नाही. पण त्यांच्या नक्षीत खाचा कमी असतात आणि रबराला गरम व्हायला वेळ लागतो. आंबोलीच्या वाहत्या पाण्यात मला खाचाच हव्यात. रोजच्या वापराच्या गाडीला असा टायर मी लावणार नाही, तुम्हीही कोकणात उतरत असाल तर लावू नका.

आता अनुभव. पहिले काहीशे किलोमीटर नवा टायर जपून चालवला, कारण नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीतपणा असतो. त्यानंतर घाटातला फरक असा: तेच चढाचं वळण, तोच दुसरा गिअर, पाऊस चालू. आता पाय दाबला की दिवा लागण्याआधी स्टिअरिंग किंचित हलकं होतं. त्या हलकेपणात मला पाय अर्धा सोडायला वेळ मिळतो, गाडी पुन्हा ओळीवर येते आणि इलेक्ट्रॉनिक्सला मध्ये पडावं लागत नाही. मी पैसे याच गोष्टीसाठी मोजले. ब्रेकिंगमध्येही फरक आहे. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळवलेले रस्ते आणि साचलेलं पाणी असतं, पुढचा ट्रक अचानक थांबतो. तिथे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आता पूर्वीपेक्षा बराच उशिरा खडखडतो. चिरडलेल्या उसावर मात्र कुठलाच टायर जादू करत नाही, तिथे वेग कमी करणं हाच उपाय.

दुकानात गेलात तर भिंतीवरचा तारखेचा शिक्का स्वतः वाचा. डॉट या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात: २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हा शिक्का टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि बसवल्यावर तो आत गेला तर गाडीखाली मोबाइलचा टॉर्च मारून शोधावा लागतो. म्हणून बसवण्याआधी, टायर जमिनीवर असतानाच बघा. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, त्यानंतर अशा मापांचा माल कधी मिळतो, कधी नाही. एका ठिकाणी मला बराच जुना माल नव्याच्या भावात दाखवला गेला, तिथून मी उठून आले. नक्षी असममित असल्यामुळे 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेरच यायला हवी, चारही चाकांना.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा अंक, तोही बघा. माझ्या टायरवर ९४ वाय आहे: ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. वेगाचं आपल्याला काही करायचं नाही, भाराचं आहे. चार माणसं, सामान आणि खड्डा एकत्र आले की तो आकडा कामी येतो. याच मापात ९१ चाही टायर मिळतो, तो ६१५ किलोचा. खड्ड्यांबद्दल एक स्पष्टच सांगते: ४५ प्रोफाइलची भिंत बुटकी असते, कंपनी कुठलीही असो. जोरात खड्डा बसला तर आतल्या दोऱ्या तुटतात आणि बाजूला टेंगूळ येतं. तो टायर मग बदलावाच लागतो. अठरा इंचांच्या रिम दिसायला छान दिसतात, पण आमच्या रस्त्यांवर मी सतरावरच राहिले.

मला खर्च आला एका टायरला पंधरा हजारांच्या आसपास, बॅलन्सिंग आणि अलायमेंट वेगळं. पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजतात, ही ताकद पुढच्या चाकांवर असल्यावर ते होणारच. दोनच बदलायची वेळ आली तर नवे दोन मागे लावा. हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. पण ओल्या वळणात मागचा भाग सुटला तर सावरणं फार अवघड, पुढचा सुटला तर निदान पाय सोडून गाडी वळवता येते. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. माझ्या मते पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरच्या खाली असलेला टायर घाटात नेऊ नये, कारण तोवर पाणी बाहेर फेकायची त्याची क्षमता बरीच गेलेली असते. हवा रात्रभर उभ्या गाडीत, सकाळी निघण्याआधी बघते. महामार्गावरून आल्या आल्या पंपावर मोजलेला आकडा वाढलेला असतो, आणि तो बघून हवा काढली की थंड झाल्यावर कमी पडते.

स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टस, १.५ टीएसआय (दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन) वाल्यांसाठी: तुमची ताकद १५० पीएस, टॉर्क २५० न्यूटन मीटर, माप २०५/५५ आर १६. रोजचं फिरणं शहरात आणि महामार्गावर असेल तर चांगला टूरिंग (आरामशीर, लांबच्या प्रवासाचा) टायर पुरेल, पंचावन्नची भिंत खड्डेही बऱ्यापैकी सोसते. रीमॅप करायचा विचार असेल तर आधी टायर बदला, मग लॅपटॉप लावा. मिशेलिनने २०२२ मध्ये पायलट स्पोर्ट ५ आणलाय. माझे पुढचे दोन ३ मिलिमीटरला आले की याच मापात त्याचा पूर्ण संच घेणार आहे, चारही एकदम, कारण पुढे एक जातीचा आणि मागे दुसऱ्या जातीचा टायर मला या गाडीवर नको. दुकानदारांना सांगून ठेवलंय: चालू वर्षाचा शिक्का असलेला माल आला की फोन करा.