‘थंब नीट आला नाही, परत ठेव’

2022-23 ला मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अण्णा अल्पभूधारक, म्हणून डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यात मी बसत होतो. पुण्यासाठी तेव्हा वर्षाला 30 हजार. त्यात खोलीभाडं सुटायचं, मेसचं घरून यायचं.

अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर, आपला आपण भरता येतो, त्याला एक रुपया लागत नाही. हे ठाऊक असूनही मी नेट कॅफेत गेलो. पहिल्या वर्षी उत्पन्नाच्या दाखल्यावरून माझा अर्ज परत आला होता आणि मी महिनाभर लॉगिनच केलं नव्हतं. त्या वर्षीचे पैसे गेले. आता चूक नको, एवढंच डोक्यात.

कॅफेवाला दादा गोड बोलायचा. “सातशे दे, पास होईपर्यंत जबाबदारी माझी.” प्रोफाइलमधला माझा नंबर काढून त्याने स्वतःचा टाकला. म्हणे, “तुम्ही पोरं मेसेज बघत नाही, मी बघतो.” मला उलट बरंच वाटलं. मग त्याने ड्रॉवरमधून थंबचं मशीन काढलं, केवायसीसाठी म्हणून. अंगठा ठेवला, लाल उजेड लागला. शर्टाने काच पुसली आणि म्हणाला, “नीट आला नाही, परत ठेव.” परत ठेवला. खरं तर माझं आधार पोर्टलला आदल्या वर्षीच जोडलेलं होतं, थंबचं काही कामच नव्हतं. पण मागे पाच-सहा पोरं ताटकळत उभी, तिथे कोण विचारत बसतो?

एप्रिलमध्ये रूममेटचा हप्ता जमा झाला. माझ्या अर्जावरही पैसे दिल्याचं दिसत होतं. पासबुक भरून आणलं, तर शेवटची नोंद अण्णांनी पाठवलेल्या दोन हजारांची. बँकेतल्या मॅडमनी आधार टाकून बघितलं आणि म्हणाल्या, “तुमचं आधार आता आमच्याकडे नाहीच, दुसऱ्या बँकेला मॅप आहे.”

त्या बँकेत मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. थंबवर पाच मिनिटांत खातं उघडता येतं, हेही तेव्हाच कळलं. सरकारी पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात येतात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते आधारला जे खातं मॅप असेल तिथे जातात आणि आधार एका वेळी एकाच बँकेला मॅप राहतं. नव्या बँकेने मॅप केलं की जुनी आपोआप सुटते. खातं माझ्या नावाचं, मोबाइल नंबर त्याचा. हप्त्याचे 15 हजार दोन दिवसांत यूपीआयने काढलेले.

आधारच्या साइटवर ऑथेंटिकेशन हिस्टरी, म्हणजे आपलं आधार कधी कधी तपासलं गेलं याची यादी, दिसते, सहा महिन्यांपर्यंतची. तिथे त्या दुपारचे दोन थंब होते, तीन मिनिटांच्या अंतराने. प्रिंट काढून कॅफेत गेलो. दादा म्हणाला, “तूच ठेवलास ना अंगठा?” यावर काय बोलणार.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. खातं गोठवलं, पण त्यात 212 रुपये उरले होते. पैसे लगेच गेले असतील तर तासाभरात 1930 ला कळवा. मी कळवेपर्यंत तीन आठवडे उलटले होते. आधार जुन्या बँकेला जोडून घेतलं, त्यामुळे दुसरा हप्ता तरी हातात आला.

अर्ज भरला असेल तर आजच मायआधार या आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, बघा. बँकेचं नाव आपलंच आहे ना? शिवाय एमआधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून टाका, म्हणजे थंब चालणारच नाही. लागेल तेव्हा उघडता येतं. कॅफेत गेलात तरी नंबर स्वतःचाच ठेवा.

कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागातल्या काकांना सगळं सांगितलं, तर ते चष्मा वर करून म्हणाले, “अरे, इथे खिडकीवर फुकट भरून दिला असता की.” ती खिडकी कॅफेपासून शंभर पावलांवर आहे. अण्णांना मी अजून एवढंच सांगितलंय, की पहिला हप्ता मंजूर झाला नाही.