१९१५ हेल्पलाइन आणि ई-जागृती पोर्टल : कुठवर कामाचे, कुठे अडते

नवा फ्रीज तीन महिन्यांत बंद पडला आणि कंपनी दाद देत नसली की ‘सरकारकडे तक्रार करा’ असं सांगणारे दहाजण भेटतात. सरकारकडे म्हणजे नेमकं कुठे, हे त्यातले नऊजण सांगू शकत नाहीत. दारं तीन आहेत आणि तिन्हींची कामं वेगळी. त्यातल्या दोन सेवा ग्राहकाला घरबसल्या वापरता येतात, त्यामुळे परीक्षण मुख्यतः त्यांचंच.

पहिली सेवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. १९१५ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, वेळ सकाळी ८ ते रात्री ८. फोनवरच तक्रार नोंदवून क्रमांक मिळतो. वेबसाइट, सरकारचं उमंग ॲप आणि व्हॉट्सॲपवरूनही नोंदवता येते. हेल्पलाइनशी जोडलेल्या कंपनीकडे तक्रार थेट जाते आणि ग्राहक सेवेच्या रांगेत न अडकता वरच्या टेबलावर पोचते. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा परतावा, विमान तिकिटाचे अडकलेले पैसे, वॉरंटीतली टाळाटाळ अशा कामांना हा रस्ता उत्तम. ऑर्डर क्रमांक, बिलाची तारीख, रक्कम आणि नेमकी मागणी (परतावा, बदली की दुरुस्ती) एका कागदावर लिहून मगच फोन लावा. ‘न्याय मिळावा’ असं सांगितलं, तर समोरचा माणूस नोंदवणार तरी काय?

मर्यादा एकच, पण मोठी. हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही. कंपनीने ‘आमची चूक नाही’ एवढं उत्तर दिलं की तिथली फाइल बंद होऊ शकते. आणि हेल्पलाइनवर तक्रार चालू आहे म्हणून ग्राहक आयोगात, म्हणजे आदेश देऊ शकणाऱ्या तिसऱ्या दारात, जायची मुदत थांबत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. ईमेल आणि फोन करत राहण्यात ती सरली, तर विलंब माफीचा अर्ज करून प्रत्येक महिन्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून हेल्पलाइनला एक-दीड महिना द्यावा, त्याहून जास्त नाही.

दुसरं दार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचं, जुलै २०२०पासूनचं. फसव्या जाहिरातीसारखी लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. गैरसमज सर्वांत जास्त इथेच. फसव्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड हे प्राधिकरण करू शकतं; पण ते एकट्या ग्राहकाचा खटला लढत नाही. त्याचा विचार ग्राहकांच्या समूहाचा असतो. २०२२मध्ये प्रमाणित नसलेले प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल त्याने ॲमेझॉनला १ लाखाचा दंड केला आणि विकल्या गेलेल्या २,२६५ कुकरच्या ग्राहकांना कळवून ते परत घ्यायला, पैसे द्यायला सांगितलं. अशा आदेशावर अपील झालं की सरकारी वकील उभा राहतो तो आदेश टिकवायला. फौजदारी खटल्यासारखा ‘आपला सरकारी वकील’ ग्राहकाला आयोगात मिळत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, हे अनेकींना माहीतच नसतं.

पैसे वसूल करायचे तर तिसरं दार, ग्राहक आयोग. तिथे ऑनलाइन दाखल करण्याची सोय म्हणजे ई-जागृती. आधीचं ई-दाखिल पोर्टल यातच आलं; १ जानेवारी २०२५पासून हे पोर्टल सुरू आहे.

नोंदणी सोपी: मोबाइल, ईमेल, ओटीपी. खरी अडचण आयोग निवडताना येते. अधिकारक्षेत्र ठरतं ते वस्तू किंवा सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर, मागितलेल्या भरपाईवर नाही. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य, त्यापुढे राष्ट्रीय. २० हजारांच्या फोनसाठी कोणी ६० लाखांची भरपाई मागितली, तरी प्रकरण जिल्ह्यातच. मोजायची ही पद्धत २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली. फीसुद्धा मोबदल्यावरच: ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. जिल्हा तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथला चालतो. कंपनी गुरुग्रामची असली तरी तक्रार साताऱ्यात होते, आणि २०१९च्या कायद्याने दिलेली ही सर्वांत मोलाची सवलत आहे.

पोर्टलवरचे रकाने भरणं हे काम त्यामानाने किरकोळ. प्रकरण उभं राहतं ते पीडीएफवर. अनुक्रमणिका, तारखांची यादी, पक्षकारांची नावं-पत्ते, तक्रार, नोटरी केलेलं शपथपत्र, मग बिल, वॉरंटी कार्ड, कंपनीला पाठवलेली नोटीस आणि तिची पोचपावती, या क्रमाने लावा. सगळ्या पानांना सलग क्रमांक द्या. मोबाइलवर तिरके काढलेले फोटो, अर्धं कापलेलं बिल, सही नसलेलं शपथपत्र यांवर छाननीत त्रुटी निघते आणि आठवडे जातात. सामनेवाल्यांत, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांत, विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही घ्या. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र जोडा, नाहीतर युक्तिवादाच्या वेळी ऐनवेळी आक्षेप येतो. ऑनलाइन भरलं म्हणजे कागद सुटला असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी छापील संच मागतात, सामनेवाले जितके तितक्या प्रती जास्त.

मागणीचा परिच्छेद लोक सर्वांत घाईत लिहितात. वस्तूची किंमत, तीवर अमुक तारखेपासून अमुक टक्के व्याज, मानसिक त्रासापोटी रक्कम, तक्रारीचा खर्च, सगळं वेगवेगळ्या ओळींत आणि आकड्यांत हवं. वस्तू धंद्यासाठी घेतली असेल तर ‘व्यापारी हेतू’ म्हणून तक्रार फेटाळली जाऊ शकते. पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर ते पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा. आणखी एक. दोष डोळ्यांना दिसणारा नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो आणि तपासणीची फी तक्रारदाराला भरावी लागते. बाहेरच्या मेकॅनिककडून फ्रीज उघडून घेतला असेल, तर तपासायला राहिलंच काय?

दाखल झाल्यावर कायद्याची घड्याळं छान दिसतात. तक्रार स्वीकारायची की नाही हे साधारणपणे २१ दिवसांत, सामनेवाल्याचं लेखी म्हणणं ३० दिवसांत, फार तर आणखी १५. या ४५ दिवसांपलीकडे एक दिवसही मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२०मध्ये ठरवलं आहे. त्यामुळे आयोगाची नोटीस सामनेवाल्याला बजावल्याची तारीख वहीत लिहून ठेवा आणि सेहेचाळिसाव्या दिवशी ‘म्हणण्याशिवाय चालवा’ असा अर्ज द्या. निकाल मात्र कायद्यातल्या तीन महिन्यांत लागेल या भरवशावर राहू नये. तारखा पडतात, अध्यक्ष-सदस्यांच्या जागा रिकाम्या असल्या की आणखी पडतात. व्हिडिओद्वारे सुनावणीची तरतूद कायद्यात आहे. ती हवी असेल तर आधी अर्ज करून मागावी लागते.

गुण द्यायचेच तर हेल्पलाइनला पाचपैकी चार, ई-जागृतीला तीन. कापलेल्या दोन गुणांपैकी एक मराठी तक्रारदाराला नमुना तक्रार आणि शपथपत्र हाती धरून भरायला न शिकवल्याबद्दल. दुसरा निकालानंतरच्या वाटेबद्दल. जिल्हा आयोगाच्या निकालावर सामनेवाल्याला अपिलासाठी ४५ दिवस असतात आणि रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो. त्याने अपीलही केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर ग्राहकालाच पुन्हा दरखास्त, म्हणजे निकाल अमलात आणण्याचा अर्ज, दाखल करावी लागते. कलम ७१खाली वसुली, कलम ७२खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड, किंवा दोन्ही. दरखास्तीला निकालाची प्रमाणित प्रत लागते, तेव्हा निकाल लागला त्याच आठवड्यात तिचा अर्ज टाका.