फ्रेंचमध्ये प्रश्न विचारायला शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स

वाक्यं पाठ होती, पण समोरच्याला साधा प्रश्न विचारायची वेळ आली की मी अडखळायचे. म्हणून फक्त प्रश्नांवरचा हा छोटा कोर्स घेतला.

सुरुवातच आवडली. 'त्यू व्यँ' म्हणजे 'तू येतोस'. शेवटी सूर वर नेला की झाला प्रश्न! मग येतं 'एस्क'. आपण वाक्याच्या शेवटी 'का' लावतो, ते सुरुवातीला 'एस्क' लावतात: 'एस्क त्यू व्यँ?' बाकी शब्द जागचे हलत नाहीत. दोन दिवसांत तोंडात बसलं.

तिसरा प्रकार उलट्या क्रमाचा, 'व्यँ-त्यू?'. तो औपचारिक बोलण्यात आणि लिखाणात जास्त दिसतो. इथे शिक्षिकेने जीव ओतला आहे. 'इल पार्ल' म्हणजे 'तो बोलतो'; ते उलटवताना 'पार्ल-तिल?' होतं; मधला 'त' दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून येतो. हे कळल्यावर तो नियम पुन्हा पाठ करावा लागला नाही.

नकारार्थी प्रश्नाचं उत्तर मात्र एका ओळीत उरकलंय, ते खटकलं. 'येत नाहीस?' याला 'येतो की!' म्हणायचं, तर नेहमीचा 'वी' (हो) चालत नाही, 'सी' म्हणावं लागतं. आपला 'की' तिथे किती छान समजावता आला असता!

सरावाचे ऑडिओ अजून हवे होते. तरीही बोलायला घाबरणाऱ्यांनी हा कोर्स जरूर घ्यावा.