सौद्यांचे वाजवी मूल्य काढून देणारी सोलापुरातील सेवा : एका पशुखाद्य कंपनीचा अनुभव

चिंचोळी औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीचा पशुखाद्याचा कारखाना आहे आणि त्याला जोडून तुरीचा व्यापारही चालतो. मूळ कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यामुळे तिची उपकंपनी म्हणून आम्हालाही इंड-एएस (भारतीय लेखा मानके) लागू आहेत, आणि म्हणून प्रत्येक तिमाहीच्या अखेरीस लेखा विभागापुढे तोच प्रश्न उभा राहतो : माल आलेला नाही, पैसे दिलेले नाहीत, पण भाव ठरवून केलेले सौदे हातात आहेत, त्यांची नोंद करायची की नाही, आणि करायची तर कोणत्या भावाने? हे काम आम्ही शहरातील एका सल्लागार कार्यालयाकडे दिले. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण गुणांबरोबर उणिवाही लिहायच्या आहेत. सेवा मात्र अशी आहे की शेतमालाचा व्यापार करणाऱ्या इथल्या कंपन्यांनी तिच्याविषयी माहिती घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

सेवेचे स्वरूप थोडक्यात असे आहे. सौदा झाला की त्याच दिवशी एक पानी नमुना भरून पाठवायचा. कार्यालय त्या सौद्याचे वर्गीकरण करते, महिनाअखेरीस भाव लावून वाजवी मूल्य, म्हणजे त्या दिवशी बाजारात मिळेल ती किंमत, काढते आणि तिमाहीला लेखापरीक्षकांपुढे ठेवता येईल असा अहवाल देते. शुल्क महिन्याला आकारले जाते आणि ते एका कनिष्ठ लेखापालाच्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी आहे.

या सगळ्यात त्या एक पानी नमुन्याची किंमत मला सर्वांत अधिक वाटते. त्यात सौद्याचा भाव, वजन, प्रतवारी, ओलाव्याची मर्यादा आणि डिलिव्हरीचे ठिकाण तर आहेच, पण मध्यभागी ठळक अक्षरांत एक प्रश्न आहे : हा माल कारखान्यात वापरला जाणार आहे की पुढे विकला जाणार आहे? उत्तराखाली खरेदी अधिकाऱ्याची सही, तारीख आणि वेळ लागते. इंड-एएस 109 नुसार कंपनीने स्वतःच्या अपेक्षित खरेदी, विक्री किंवा वापराच्या गरजेसाठी केलेला आणि त्याच हेतूने ठेवलेला माल-खरेदीचा सौदा वित्तीय साधन (शेअर किंवा वायद्यासारखा पैशांचा करार) म्हणून धरला जात नाही; तो डिलिव्हरी होईपर्यंत ताळेबंदाबाहेरच राहतो. कारखान्यासाठी घेतलेली सरकी पेंड आणि मका या सवलतीत बसतात. तुरीचे तसे नाही. आम्ही तूर घेतो ती भावातील फरकावर नफा मिळवण्यासाठी थोड्याच दिवसांत डाळ मिलला विकायला, आणि मानकात स्पष्ट लिहिले आहे की माल ताब्यात घेऊन अशा रीतीने अल्पकाळात विकण्याची कंपनीची पद्धत असेल तर तो सौदा स्वतःच्या वापराचा म्हणता येत नाही. माल प्रत्यक्ष गोदामात उतरतो, वजनकाट्याची पावती असते, म्हणजे आपल्याला वाजवी मूल्याशी काही देणे-घेणे नाही, असा समज आपल्या भागातील व्यापारात सर्रास आढळतो. कार्यालयाने पहिल्याच बैठकीत हा समज दूर केला आणि तुरीचे सर्व सौदे वेगळे काढले. गोदामात आलेल्या तुरीलाही इंड-एएस 2 मधील जिनसांच्या दलाल-व्यापाऱ्यांसाठी असलेली तरतूद लावली, म्हणजे तो साठा वाजवी मूल्यातून विक्रीखर्च वजा करून दाखवला जातो आणि मूल्यातील बदल थेट नफा-तोटा पत्रकात येतो. कारखान्यातील पेंड मात्र नेहमीप्रमाणे खर्च किंवा निव्वळ वसूल होणारी किंमत, यांपैकी जी कमी असेल तिने धरली जाते.

सही त्याच दिवशी का घ्यावी लागते, हे पेंडीच्या सौद्यांवरून नीट कळते. सरकी पेंडीचा वायदा, म्हणजे पुढील तारखेचा भाव आज ठरवणारा करार, एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात चालतो आणि त्याचे मूळ केंद्र, म्हणजे ज्या ठिकाणचा भाव धरला जातो ते, अकोला आहे. कारखान्यासाठी निश्चित भावाने पेंड घेतली की भाव उतरण्याच्या भीतीने आम्ही कधीकधी वायद्यात विक्री करून ठेवतो. आता वायदा हे वित्तीय साधन असल्यामुळे त्यातील नफा-तोटा त्या-त्या तिमाहीत दिसतो, पण ज्या खरेदीच्या सौद्यासाठी तो वायदा केला तो सौदा ताळेबंदाबाहेर असतो. भाव चढला की वायद्यातील तोटा लगेच अंगावर येतो आणि स्वस्तात बांधलेल्या पेंडीचा फायदा दोन महिन्यांनी खाद्य विकले जाईल तेव्हा दिसतो. व्यवसायात काहीही बिघडलेले नसताना तिमाहीचा निकाल वाईट दिसतो आणि मूळ कंपनीकडून खुलासे मागवले जातात. यावर मानकात दोन वाटा आहेत : एक तर खरेदीचा सौदाही सुरुवातीपासून वाजवी मूल्याने दाखवण्याचा पर्याय निवडायचा, नाहीतर दोन्हींची जोडी लावून हेज अकाउंटिंग करायचे, म्हणजे दोन्हींचा नफा-तोटा एकाच वेळी दिसतो. पहिला पर्याय सौदा करतानाच निवडावा लागतो आणि नंतर तो मागे घेता येत नाही. दुसऱ्यातही कागदपत्रे जोडी लावतानाच तयार असावी लागतात, मागील तारखेने केलेली चालत नाहीत. म्हणूनच मार्चअखेरीस येणारा कितीही हुशार सल्लागार हे काम करून देऊ शकत नाही. या कार्यालयाने संध्याकाळी सातच्या आत नमुना मिळाला पाहिजे असा नियम घातला आणि तो न मिळाल्यास स्वतःहून फोन करण्याची शिस्त पाळली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

भाव कोठून घ्यायचा हा दुसरा कळीचा भाग. इंड-एएस 113 नुसार मूल्य ठरवायचे ते मुख्य बाजारातील भावाने, आणि उलट पुरावा नसेल तर कंपनी जिथे नेहमी व्यवहार करते तोच तिचा मुख्य बाजार मानला जातो. कार्यालयाने पेंडीसाठी अकोल्याचा वायदा भाव जसाच्या तसा उचलला नाही. आमच्याच खरेदीच्या बिलांवरून अकोल्याचा भाव आणि सोलापूरला पोहोच भाव यांतील फरक महिनावार मांडला आणि तो फरक लावून आलेला भाव धरला. वाहतुकीचे दर, हंगाम, स्थानिक मागणी या सगळ्यांमुळे हा फरक सारखा राहत नाही, त्यामुळे तो दर महिन्याला पुन्हा काढण्याची त्यांची पद्धत योग्यच आहे.

तुरीची गोष्ट अधिक कठीण आहे. तुरीचे वायदे जानेवारी 2007 पासून बंद आहेत, त्यामुळे दोन महिन्यांनंतरच्या तुरीला आज काय भाव आहे हे सांगणारा फलकच उपलब्ध नाही. सोयाबीनचेही तसेच : 20 डिसेंबर 2021 रोजी बाजार नियामक सेबीने सोयाबीनसह सात जिनसांचे वायदे थांबवले आणि ती बंदी वेळोवेळी वाढवली, त्यामुळे सोयाबीन पेंडीलाही तो आधार उरला नाही. अशा वेळी सोलापूर आणि बार्शी बाजार समित्यांचे त्या दिवशीचे दर घेऊन, त्यात पुढील काळाचे व्याज, साठवणूक आणि घट मिळवून अंदाज बांधावा लागतो. समजा, दोन महिन्यांनी 1,000 क्विंटल तूर 7,000 रुपयांनी घेण्याचा सौदा आहे आणि 31 मार्चला त्याच तारखेच्या डिलिव्हरीचा अंदाजित भाव 7,250 येतो. तर क्विंटलमागे 250 प्रमाणे 2,50,000 रुपयांचा लाभ होतो, आणि वर्षाला 9 टक्के दराने दोन महिन्यांचा वटाव (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढण्यासाठीची कपात) धरला तर ताळेबंदात सुमारे 2,46,300 रुपयांची मत्ता येते. गणित एवढेच आहे. सगळा वाद त्या 7,250 या आकड्याविषयी असतो, आणि तो कसा आला याची वाट अहवालात पायरीपायरीने दाखवलेली असल्यामुळे आमच्या लेखापरीक्षकांचे प्रश्न बरेच कमी झाले. हमीभावाविषयी त्यांनी घेतलेली भूमिकाही मला पटली. 2025-26 च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव 8,000 रुपये क्विंटल जाहीर झालेला असला, तरी बाजार समितीत त्याखाली सौदे होत असतील तर वाजवी मूल्य बाजारातलेच धरायचे. हमीभावाने शासकीय खरेदी शेतकऱ्याकडून होते, आमच्यासारख्या व्यापारी कंपनीला तो भाव मिळत नाही.

आता उणिवांकडे वळतो. सुरुवातीच्या अहवालात एक गंभीर चूक होती. बाजारभावातून वाहतुकीबरोबर आडत, तोलाई आणि बाजार समितीची फी हेही वजा केले होते. गोदामातील तुरीच्या साठ्यासाठी ते बरोबर आहे, कारण तिथे विक्रीखर्च वजा करायचाच असतो. परंतु पुढील तारखेच्या सौद्याचे मूल्य काढताना फक्त वाहतूक धरायची असते, कारण माल कोणत्या ठिकाणी आहे हा त्या मालाचाच गुणधर्म ठरतो. आडत आणि फी हा व्यवहाराचा खर्च आहे आणि वाजवी मूल्यात तो येत नाही. आम्ही हे निदर्शनास आणून दिल्यावर दुरुस्ती झाली, पण साठा आणि सौदे यांच्यासाठी एकच तक्ता वापरल्यामुळे ही चूक घडली होती आणि मूल्यमापनाचा व्यवसाय करणाऱ्यांकडून ती अपेक्षित नव्हती.

बाजार समितीचे दर वापरतानाही एक ढिलाई अजून शिल्लक आहे. रोजच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात, आणि कार्यालय डोळे झाकून सर्वसाधारण दर घेते. जानेवारीत आवक सुरू होते तेव्हा यार्डात ओली तूर पुष्कळ येते आणि सर्वसाधारण दर तिच्यामुळे खाली ओढला जातो. आमच्या सौद्यात मात्र 12 टक्के ओलाव्याची अट असते. त्या दिवसांत कोरड्या, साफ मालाच्या सौद्यासाठी कमाल दराच्या जवळचा भाव अधिक खरा असतो. आमच्या खरेदी अधिकाऱ्यांनी ओलावामापकाच्या नोंदी देऊ केल्या आहेत, त्या वापराव्यात असा आग्रह मी धरला आहे.

समोरच्या पक्षाच्या जोखमीचा विचारही फार सरधोपट आहे. भाव चढला की माल देणारा मागे सरण्याचा धोका वाढतो, हे इथल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे, आणि वाजवी मूल्यात तो धोका धरणे मानकालाही अपेक्षित आहे. कार्यालय सगळ्यांना एकच कपात लावते. मग वर्षानुवर्षे शब्द पाळणारा अक्कलकोटचा आडत्या असो की या हंगामात प्रथमच व्यवहार करणारा परप्रांतीय दलाल असो. आमच्याकडे प्रत्येकाने मागील सौदे कसे पुरे केले याच्या नोंदी आहेत, त्या मागवून घेतल्या तर हे काम एका दिवसाचे आहे.

करासाठी अहवालात वेगळा रकाना नाही, हीही गैरसोय आहे. आयसीडीएस 1 (आयकरासाठी उत्पन्न मोजण्याचे मानक) नुसार मार्क टू मार्केट तोटा, म्हणजे सौदा पुरा होण्याआधी केवळ बाजारभाव लावून दिसणारा तोटा, दुसऱ्या आयसीडीएसमध्ये तशी तरतूद असल्याशिवाय, करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही. त्यामुळे लेख्यातील आणि करातील आकडे वेगळे पडतात आणि विलंबित कराची (या फरकामुळे पुढील वर्षांत वाढणाऱ्या किंवा कमी होणाऱ्या कराची) मोजणी आम्हालाच पुन्हा करावी लागते.

ही सेवा कोणी घ्यावी, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्या कंपन्यांना इंड-एएस लागू आहेत आणि ज्यांचे भाव ठरवलेले सौदे तिमाहीच्या पलीकडे जातात, त्यांनी ती जरूर घ्यावी. इंड-एएस लागू नसलेल्या, पण वायदे बाजारात उतरणाऱ्या कंपन्यांनी आयसीएआयने (सनदी लेखापालांच्या संस्थेने) 2015 मध्ये काढलेले डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वायद्यासारख्या, करारांविषयीचे मार्गदर्शन टिपण आपल्या सनदी लेखापालांकडून समजून घ्यावे. 1 एप्रिल 2016 पासून लागू असलेल्या त्या टिपणानुसार वायद्यांची नोंद वाजवी मूल्याने करावी लागते आणि तेवढ्यासाठी महिन्याची सेवा घेण्याची गरज नाही. सकाळी लिलावात माल घेऊन आठवड्याच्या आत डाळ करून विकणाऱ्या बार्शीच्या लहान मिलने यावर पैसे खर्च करू नयेत.

आम्ही पुढील वर्षाचा करार करताना दोन अटी लेखी घातल्या आहेत. तुरीचे मूल्य ज्या अंदाजांवर उभे आहे त्यात साठवणुकीचा खर्च, घट आणि व्याज थोडे इकडेतिकडे झाले तर नफा कितीने हलतो, हा तक्ता प्रत्येक तिमाहीच्या अहवालात हवा. तिसऱ्या स्तरातील, म्हणजे बाजारात थेट न दिसणाऱ्या अंदाजांवर बेतलेल्या, मूल्यांविषयी संवेदनशीलतेची माहिती वार्षिक लेख्यात द्यावीच लागते आणि आतापर्यंत ती शेवटच्या आठवड्यात घाईने तयार होत होती. दुसरी अट अशी की आडत्यानुसार जोखमीची कपात वेगळी असावी. पहिली अट कार्यालयाने लगेच मान्य केली आहे. दुसरीसाठी त्यांनी आमच्याकडे मागील तीन हंगामांतील डिलिव्हरीच्या नोंदी मागितल्या आहेत आणि त्या आम्ही पाठवल्या आहेत.