टपाल विमानाचं कापड: सुती की पॉलिएस्टर?

सांगलीतल्या मित्राने संग्रहालयासाठी पुस मॉथ या जुन्या छोट्या विमानाच्या सांगाड्याला कापड चढवायचं मनावर घेतलंय. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं, त्याच जातीचं विमान. सुती की पॉलिएस्टर, इथे त्याचं घोडं अडलंय.

खर्चाचं फार मनावर घेऊ नका. खरी किंमत मजुरीची, आणि पंखांच्या फासळ्यांवर दोऱ्याने शिवायचं काम दोन्हीकडे तेवढंच.

फरक पडतो तो ताण देताना. सुती कापडावर पाणी मारायचं, मग डोपचे, म्हणजे कापड आवळणाऱ्या लाखेसारख्या द्रवाचे, थर. थर वाळेल तसं कापड आवळत जातं. शेवटी टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजतं. पण आपल्याकडच्या पावसाळी हवेत डोप पांढुरका पडतो, म्हणजे जुलै-ऑगस्ट गेलेच. शिवाय डोपचा नायट्रेट हा प्रकार भयंकर पेट घेतो. शेडच्या आसपास बिडीसुद्धा नको. पॉलिएस्टर इस्त्रीने आवळतं, साधारण 120 ते 175 अंशांत. त्यापुढे गेलात की ते उलट सैल पडतं, म्हणून घरची इस्त्री अंदाजाने फिरवू नका. तापमान मोजून घ्या.

टिकण्यात पॉलिएस्टर सरळ पुढे. सुतीला बुरशी लागते, उन्हाने ते कुजतं.

दिसण्यात मात्र सुतीच. जवळून विणीचा पोत जाणवतो, तो गुळगुळीत पॉलिएस्टरला नाही.

बंद, कोरडं दालन आणि अस्सलपणाचा आग्रह असेल तर सुती. उघडी शेड आणि देखभालीला माणूस नसेल तर पॉलिएस्टर. मित्राची शेड तिन्ही बाजूंनी उघडी आहे. काहीही ठरवलंत तरी जुन्या कापडाचा एक तुकडा रंगासकट जपून ठेवा.