बबल गन: दिवाळी ते जुलै वापरून पाहिल्यावर

दिवाळीच्या खरेदीला क्रॉफर्ड मार्केटला गेले होते. तिथल्या खेळण्यांच्या गल्लीत घासाघीस करून ही बॅटरीवरची बबल गन ३५० रुपयांना घेतली. हट्ट लेकीचा, ती दुसरीत आहे. आता जुलै सरत आला आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मीच जास्त खेळले, म्हणून लिहितेही मीच.

आधी गनबद्दल. चार पेन्सिल सेल लागतात. ट्रिगर दाबला की आतला पंखा घुंगुं करतो, पुढच्या चकतीवर द्रावण चढतं आणि बुडबुड्यांची नुसती फवारणी. पहिल्या संध्याकाळी परळच्या आमच्या चाळीची गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून गेली, मजल्यावरची सगळी पोरं टाळ्या वाजवून बुडबुडे फोडत होती. सोबतची बाटली मात्र तासाभरात संपली, आणि सेल दोन आठवड्यांत झोपले.

फेब्रुवारीत ट्रिगर अडकायला लागला. उघडून पाहिलं तर द्रावण वाळून आत पाकासारखं चिकटून बसलेलं. कोमट पाणी भरून दोन मिनिटं गन चालवली की सुटतं. हे रोज खेळून झाल्यावर करायचं असतं, पण खोक्यावर तसं कुठेही लिहिलेलं नाही. एप्रिलमध्ये सेलच्या कप्प्यात पांढरट-हिरवा क्षार दिसला. तो कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावून पुसला. सेल आत तसेच ठेवले ही चूक माझी. पण स्प्रिंग आठ महिन्यांच्या आत गंजावी? विकायचं मुंबईत, तर मुंबईच्या हवेचा विचार नको का करायला! सध्या ट्रिगरला रबर बँड लावलाय.

फोटोंसाठी ही गन जवळपास निरुपयोगी. बुडबुडे निघतात बोराएवढे आणि एकदम पन्नास. मोबाइलला कळतच नाही कोणावर फोकस करायचा, मग तो मागच्या भिंतीवर करतो. माझे पहिले दोनशे फोटो म्हणजे भिंतीच्या पोपड्यांचे दस्तऐवज आहेत.

लहानपणी आजोळी आम्ही पपईच्या पानाचा पोकळ दांडा तोडायचो आणि वाटीत रिठे कुस्करून फेस करायचो. त्यातून एकच बुडबुडा निघायचा, पण चांगला पेरूएवढा! ते आठवलं आणि गन बाजूला ठेवली. लेकीची प्लॅस्टिकची जुनी बांगडी घेतली, तिला सुती दोरा गच्च गुंडाळला (दोरा द्रावण धरून ठेवतो) आणि एक काडी बांधली. खर्च शून्य. बांगडीसमोर तोंड धरून दिव्यावर फुंकर घालतो त्याच्या निम्म्या जोराने फुंकायचं. द्रावणात बुडवलेल्या बांगडीत धरलेला पातळ पडदा आधी पिशवीसारखा लोंबतो, मग हलकेच मनगट वळवलं की तोंड मिटून गोळा सुटतो. जमायला आठवडा गेला. घाईने फुंकलं की हमखास फुटतो.

द्रावण घरीच करते. अर्धा लिटर पाण्यात ५० मिली भांडी घासायचं लिक्विड आणि २५ मिली ग्लिसरीन, औषधांच्या दुकानात मिळतं ते. फेस न करता ढवळायचं, रात्रभर ठेवायचं, वर फेस आला तर काढून टाकायचा. मोठे बुडबुडे हवे असतील तर चिमूटभर गवार गम (गवारीच्या बियांची पूड), पण ती आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घ्या, थेट पाण्यात टाकलीत तर पिठल्यातल्यासारख्या गुठळ्या होतात. नळाचं पाणी चालतं. मुंबईला येतं ते तानसा-भातसासारख्या तलावांचं, त्यात क्षार कमी. मे महिन्यात आमच्याकडे टँकर आला, बोअरचं पाणी, आणि त्याच मापाने केलेलं द्रावण धड बुडबुडा धरेना. क्षार साबण अडवून ठेवतात. दोन दिवस मी उगाच लिक्विडला नावं ठेवत होते.

साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आकसायला बघतो ती ओढ, वाढतो आणि म्हणून बुडबुडा टिकतो, अशी माझी समजूत होती. उलट आहे. ताण साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. नुसत्या पाण्याचा पडदा आकसून लगेच थेंब होऊन जातो. साबण असला की पडदा जिथे ताणून पातळ होतो तिथे साबण विरळ होतो, तेवढ्या जागी ताण वाढतो आणि आजूबाजूचं द्रावण तिकडे ओढलं जातं. म्हणजे भोक पडायच्या आत ठिगळ! मग बुडबुडा मरतो कशाने? पाणी खाली ओघळतं आणि उडून जातं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं ते यासाठीच.

आणि इथेच मुंबईची हवा कामाला येते. जानेवारीच्या कोरड्या सकाळी शिवाजी पार्कवर गेले, ऊन सुरेख, वारा पडलेला, तरी बुडबुडे चार-पाच सेकंदांत खलास. तोच मसाला, तीच बांगडी, जुलैतल्या उघडिपीत गॅलरीत मिनिटभर तरंगतात. ज्या दमटपणात आपले कपडे चार दिवस वाळत नाहीत, त्यात बुडबुडाही वाळत नाही. पावसाळा म्हणजे खेळ बंद, असं सगळ्यांना वाटतं. मी तर म्हणेन हंगामच तो. फक्त वारा नको आणि थेंब नको. समुद्राकडे जाऊ नका, दुपारनंतर तिथल्या वाऱ्यात बुडबुडा बांगडीवरच फाटतो. चौपाटीवरचे विक्रेते त्या वाऱ्यात कसे काढतात ते त्यांनाच ठाऊक.

फोटोलाही ढगाळ आभाळच बरं. बुडबुडा म्हणजे गोल आरसा. कडक उन्हात त्यात सूर्याचा फक्त एक चकचकीत ठिपका येतो. ढग असले की अख्खं पांढरं आभाळ त्यात उतरतं आणि रंग सगळीकडे पसरतात. मागे काळोख हवा, म्हणून नवऱ्याची काळी छत्री उघडून लेकीच्या हातात देते. फोकस आधी बांगडीवर बोट दाबून लॉक करायचा, आणि बुडबुडा तेवढ्याच अंतरावर आला की सलग फोटो काढत सुटायचं. शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवता आला तर उत्तम. दर पाच मिनिटांनी लेन्स पुसा, फुटलेल्या बुडबुड्यांचे शिंतोडे बसतात.

रंग साबणात नसतात. पडदा केसाच्या शंभराव्या भागाएवढा जाड असतो. त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूने परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग वाढतात, काही खोडले जातात. पडदा जाड असताना फिका गुलाबी-हिरवा, पातळ होत गेला की गडद निळा, मग सोनेरी, मग रुपेरी. शेवटी माथ्यावर काळी टोपी दिसायला लागते. पडदा तिथे इतका पातळ असतो की दोन्ही प्रकाश एकमेकांना पुसून टाकतात. ती टोपी दिसली की दाबा बटण, फार वेळ नसतो. या काळ्या टोपीचे माझ्याकडे तीनच चांगले फोटो आहेत आणि ते मिळायला सगळा जून गेला.

एक सावधगिरी, गॅलरीच्या लादीवर हे द्रावण म्हणजे तेल. शेजारच्या काकू दळण घेऊन येताना घसरल्या, कठडा हाताला लागला म्हणून निभावलं. मला सगळ्या मजल्यासमोर बोलणी खावी लागली, आणि बरोबरच होतं. तेव्हापासून खाली ओलं गोणपाट टाकते.

गनला पाचपैकी दोन तारे, तेही पोरांच्या टाळ्यांसाठी. बांगडीला पाच.

परवा एक फोटो छान आला. संत्र्याएवढा बुडबुडा, त्यात वरच्या अर्ध्यात आमची चाळ सुलटी आणि खालच्या अर्ध्यात तीच चाळ उलटी, कारण बुडबुड्याची जवळची बाजू फुगीर आरशासारखी आणि मागची खोलगट आरशासारखी काम करते. दोन्हीकडे दोरीवरचे कपडे, दोन्हीकडे दारात उभ्या काकू. त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. पाच मिनिटांत दारात हजर, मोबाइल उलटासुलटा करत, "अगं, यात मी खाली डोकं वर पाय का गं? तेव्हा घसरले होते तेव्हाचा काढलास की काय?"